निळा रंग शेवटी: अमेरिकेच्या जुन्या टोपोशीटवर गुरांचं पाणी कसं वाचायचं

आग्नेय ॲरिझोनातल्या एका कोरड्या खोऱ्यात, जूनमधल्या दुपारी, मी एका पवनचक्कीखाली उभा होतो. नकाशावर त्या जागी बारीक निळं वर्तुळ होतं, म्हणजे पाण्याची विहीर. प्रत्यक्षात चक्कीचा नुसता सांगाडा उरला होता. पाती खाली वाळूत रुतलेली, शेजारच्या पत्र्याच्या हौदाला बंदुकीच्या गोळीची तीन भोकं, हौदात वाळलेलं गवत आणि एक पाल. बाटलीत अर्धा लिटर पाणी, आणि गाडी सहा मैलांवर.

निभावलं ते एका बिननावाच्या मातीच्या तळ्यामुळे. विहिरीच्या अलीकडे दीड मैलावर नकाशात पाच पायवाटा एका जागी येऊन मिळाल्या होत्या. निळा ठिपकाही नव्हता तिथे, म्हणून जाताना मी लक्षच दिलं नव्हतं. परतताना गुरांच्या वाटेने गेलो, तर बांधाआड पाणी होतं. गढूळ, शेणाचा वास येणारं. प्यायलो नाही. टोपी आणि शर्ट त्यात बुडवून अंगावर घातला, तासभर बांधाच्या सावलीत बसलो, आणि उरलेल्या अर्ध्या लिटरवर गाडी गाठली.

मी माणदेशातला. उन्हाळ्यात गुरं कुठे वळतात ते बघून पाणी ओळखायचं, हे आम्हाला कुणी मुद्दाम शिकवावं लागत नाही. पण हातात छापील नकाशा आला आणि अक्कल गहाण पडली. तेव्हापासून जुनं टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार, पाणी आणि वाटा दाखवणारा सरकारी नकाशा, वाचायचा माझा क्रम उलटा झाला आहे: आधी काळी शाई, मग लाल, मग तपकिरी, आणि निळी सगळ्यांत शेवटी. काळ्या शाईत माणसं आणि गुरं कुठे गेली ते असतं, तपकिरीत जमिनीची घडण असते. निळ्या शाईत पुष्कळदा सर्व्हेअर ज्या महिन्यात तिथे आला त्या महिन्याची हकिकत असते, आणि तो महिना आपल्याला ठाऊक नसतो. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगतो. उदाहरणं दक्षिण ॲरिझोनाची आहेत, कारण तिथली वाळू माझ्या बुटात गेली आहे. पद्धत न्यू मेक्सिको, नेवाडा, वायोमिंगलाही चालते.

शीट मिळवणं आणि त्याची खरी तारीख काढणं

अमेरिकेची भूवैज्ञानिक संस्था, म्हणजे यूएसजीएस, १८७९ साली स्थापन झाली. तिने १८८४ ते २००६ या काळात छापलेले पावणेदोन लाखांहून जास्त नकाशे स्कॅन करून 'टोपोव्ह्यू' या संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. जागेचं नाव टाका, डाव्या-उजव्या सरकपट्टीने सालं निवडा, प्रमाण निवडा, आणि उतरवून घ्या. जिओटिफ हा प्रकार घ्या. त्यात अक्षांश-रेखांश आधीच बसवलेले असतात. जेपेग दिसायला सोपं, पण पुढे काही मोजायचं म्हटलं की डोक्याला ताप.

एकाच जागेची तीन पिढ्यांची शीट घ्यायचा प्रयत्न करा. सर्वांत जुनं बहुधा १:१,२५,००० प्रमाणाचं, मधलं १:६२,५०० चं आणि शेवटचं १:२४,००० चं. शेवटच्याला तिकडे साडेसात मिनिटांचं शीट म्हणतात, कारण ते साडेसात मिनिटं अक्षांश आणि तितकेच रेखांश व्यापतं (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग). २००९ नंतरचे 'यूएस टोपो' नकाशे संगणकातल्या माहितीसाठ्यावरून तयार होतात. रस्ते त्यांत ताजे असतात, पण जुन्या शीटवरच्या कितीतरी पवनचक्क्या, झरे आणि विहिरी त्यांत आल्याच नाहीत. गुरांचं पाणी शोधायला नवा नकाशा गरीब आणि जुना श्रीमंत, असा हा उलटा प्रकार आहे.

शीट उघडलं की मधे बघू नका, कोपरे वाचा. खाली उजवीकडे मोठ्या अक्षरांत जे साल असतं ते आवृत्तीचं. खालच्या डाव्या मजकुरात पाहणी कधी झाली, हवाई फोटो कुठल्या सालचे, जमिनीवर जाऊन तपासणी कधी केली, हे बारीक टाइपात असतं. ही सालं कधी पाच, कधी दहा वर्षांनी पुढेमागे असतात. त्यात पुनर्मुद्रणाची गंमत वेगळीच: १९४०च्या दशकात छापलेल्या कागदावर पाहणी १९०३ची, आणि मधल्या चाळीस वर्षांत एक रेघही बदललेली नाही, असं सर्रास आढळतं. मी शीट साठवताना फाइलच्या नावात छपाईचं साल घालत नाही, पाहणीचं घालतो.

जांभळी शाई दिसली तर तो नंतरचा बदल समजा. हवाई फोटो बघून कार्यालयात बसून केलेली ती दुरुस्ती असते. नवं तळं फोटोत दिसतं म्हणून जांभळ्यात येतं. विहीर बंद पडलेली फोटोत दिसत नाही, म्हणून ती तशीच राहते. म्हणजे सुधारित शीटवर पाणी वाढताना दिसतं, कमी होताना सहसा दिसत नाही.

मोजपट्टीचा हिशेब एकदाच करून ठेवा

१:१,२५,००० वर एक मिलिमीटर म्हणजे सव्वाशे मीटर. विहिरीची खूण साधारण तेवढीच असते, म्हणजे 'इथे विहीर आहे' याचा अर्थ 'या सव्वाशे मीटरांत कुठेतरी' असा घ्यायचा. १:२४,००० वर तोच एक मिलिमीटर चोवीस मीटरांचा. एक मैल १:६२,५०० वर २.६ सेंटिमीटर आणि १:२४,००० वर ६.७ सेंटिमीटर. हे दोन आकडे पुढे लागतील, कागदावर लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, बहुतेक जुन्या शीटचे अक्षांश-रेखांश १९२७च्या भूमापन आधारावर (अक्षांश-रेखांश कुठून, कसे मोजायचे ते ठरवणाऱ्या चौकटीवर) बसवलेले असतात, तुमचा फोन आजच्या आधारावर चालतो. ॲरिझोना-कॅलिफोर्निया भागात या दोहोंत साधारण ६० ते १०० मीटरांचा फरक पडतो. क्यूजीआयएससारख्या फुकट संगणक प्रणालीत जिओटिफ उघडलं तर ती हा फरक स्वतः सांभाळते. नकाशाच्या कडेवरचे आकडे हाताने वाचून फोनमध्ये घातलेत तर मात्र झरा ओढ्याच्या चुकीच्या काठावर जातो.

काळी शाई: नावं, वाटा, वाडगी

आधी फक्त नावं वाचा. रेघांकडे बघू नका. पश्चिमेत पाण्याला नाव देणारे स्पॅनिश होते, त्यांच्या आधी मूळचे रहिवासी, आणि शेवटी इंग्रजी बोलणारे गुराखी. स्पॅनिश नावांत 'आग्वा' म्हणजे पाणी, 'ओहो' म्हणजे झरा (शब्दशः डोळा), 'पोसो' म्हणजे विहीर, 'चार्को' म्हणजे डबकं, 'रेप्रेसो' म्हणजे बांध घालून अडवलेलं पाणी, 'सिएनेगा' म्हणजे पाणथळ. इंग्रजी नावांत 'स्प्रिंग' आणि 'सीप' यांत फरक करा: पहिल्यात पाणी वाहतं, दुसऱ्यात नुसतं पाझरतं. 'अल्कली', 'बिटर', 'सल्फर', 'पॉयझन' असं विशेषण लागलं असेल तर पाणी असलं तरी ते कसं आहे हे आधीच्या माणसाने सांगून ठेवलं आहे. ऐका त्याचं.

दोन नावं मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावीत अशी आहेत. पहिलं 'तिनाहा'. स्पॅनिशमध्ये तिनाहा म्हणजे पाण्याचा मातीचा रांजण, आणि नकाशावर ती खडकात पाण्याने कोरलेली खोल कुंडं असतात. निघोजला कुकडीच्या पात्रात आपण ज्यांना रांजणखळगे म्हणतो, तेच हे. हजारो मैल दूरच्या माणसांनाही खळगा बघून रांजणच आठवला! नैर्ऋत्य ॲरिझोनात 'तिनाहास आल्तास' नावाची अशी कुंडांची माळ आहे. मेक्सिकोतल्या सोनोरातून कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या 'सैतानाच्या वाटे'वरचे प्रवासी त्या पाण्याच्या भरवशावर निघत.

दुसरं नाव 'टँक'. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सासच्या शीटवर हा शब्द शेकड्यांनी सापडतो, आणि नवखा वाचक तिथे पत्र्याची टाकी शोधत जातो. तिकडच्या बोलीत टँक म्हणजे ओढ्याला मातीचा बांध घालून केलेलं गुरांचं तळं. खुद्द या शब्दाचं मूळ कोशकार गुजराती 'टांकुं' आणि मराठी 'टाकं' यांच्याकडे नेतात, वाटेत पोर्तुगीजांचा हात लागलेला. म्हणजे शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी आणि ॲरिझोनातल्या गुराख्याचं तळं यांचं नातं बहुधा शब्दापुरतं खरं आहे. नकाशावर ओळखायचं असं: शेजारी निळा ठिगळासारखा आकार आणि ओढ्यावर आडवी रेघ असेल तर मातीचं तळं, काळा भरीव गोल ठिपका असेल तर खरोखरची टाकी.

नावांनंतर वाटा. तुटक रेघांच्या पायवाटा आणि जीपवाटा कुठे एकत्र येतात ते पेन्सिलने गोल करा. खिंडीत मिळत असतील तर कारण उघड आहे. पण सपाट माळावर, जिथे ना घर ना खिंड, अशा ठिकाणी चार-पाच वाटा येऊन मिळत असतील, तर तिथे गुरांना काहीतरी मिळतं आहे. बहुधा पाणी, क्वचित मिठाचा खडा. माझं बिननावाचं तळं असंच होतं.

मग वाडगी. नकाशावर 'कोरल' असा शब्द आणि बारीक चौकोन असतो. गुरं गोळा करून दिवसभर कोंडायची तर पाणी जवळ लागतंच, तेव्हा जिथे वाडगं आहे आणि पाण्याची खूण नाही, तिथे खूण राहून गेली आहे असं मी धरतो. घराचा एकटा काळा चौकोन आणि शेजारी 'रँच' (गुरं पाळायची मोठी जागा) हा शब्द असेल तर तोच नियम. 'विंडमिल' हा शब्द चक्की उभी होती एवढंच सांगतो. ती फिरत होती का, ते नाही.

लाल चौकोन आणि १६० एकरांचं राजकारण

ॲरिझोनाच्या शीटवर लाल रेघांची जाळी दिसते. सहा मैल बाय सहा मैलांचा एक टाउनशिप, त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. आकडे ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन आधी पश्चिमेकडे, मग खालच्या ओळीत पुन्हा पूर्वेकडे, असे औत फिरवल्यासारखे जातात. टेक्सासमध्ये ही जाळी नाही, तिथे शोधत बसू नका.

या जाळीचा पाण्याशी संबंध काय? १८६२च्या होमस्टेड कायद्याने माणसाला १६० एकर मिळत. कोरड्या माळावर १६० एकरांत गुरांचं भागत नाही, पण त्या १६० एकरांत झरा असेल तर गोष्ट बदलते. गुरं पाण्यापासून फार लांब चरत नाहीत. दोन मैल ही व्यवहारातली हद्द. दोन मैल त्रिज्येच्या वर्तुळात आठ हजार एकर बसतात. म्हणजे कागदावर १६० एकर घेऊन झरा ताब्यात आला की भोवतालची आठ हजार एकर सरकारी जमीन दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची राहत नाही. टूसॉन शहराच्या आग्नेयेचं एम्पायर रँच १८७६ साली वॉल्टर वेल आणि त्याच्या भागीदाराने घेतलं ते १६० एकरांचंच होतं. पुढे त्याचा पसारा शेकडो चौरस मैलांवर गेला. जॉन वेस्ली पॉवेल, जो पुढे यूएसजीएसचा संचालक झाला, त्याने १८७८च्या अहवालात चराईच्या शेताला २,५६० एकर हवेत आणि सीमा चौकोनी न आखता पाण्याच्या सोयीने आखाव्यात असं सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. हिशेब करून बघा: २,५६० एकर म्हणजे चार चौरस मैल, एका झऱ्याभोवती मैलभर त्रिज्येच्या वर्तुळाहून थोडं जास्त. माणूस जमिनीवर फिरून आलेला होता हे आकड्यातच दिसतं.

आता नकाशाकडे या. लाल जाळी मधेच थांबते आणि एक वाकडातिकडा पट्टा मोकळा राहतो असं दिसलं तर तो स्पॅनिश किंवा मेक्सिकन काळातला जमिनीचा दाखला, म्हणजे तेव्हाच्या सरकारने सनद देऊन दिलेली जमीन. बाबोकोमारी ओढ्याच्या दोन्ही काठांनी लांबट पसरलेला सान इग्नासिओ देल बाबोकोमारी हा दाखला बघा. ज्यांना चौकोनाची सक्ती नव्हती त्यांनी जमीन पाण्याच्या आकाराने घेतली. असा पट्टा म्हणजे निळी रेघ नसली तरी पाण्याची साक्ष.

२, १६, ३२ आणि ३६ क्रमांकांचे सेक्शन ॲरिझोनाला शाळांच्या खर्चासाठी मिळाले होते. त्यांतले पुष्कळ आजही राज्याच्या ताब्यात आहेत आणि चराईसाठी भाड्याने जातात. तिथे भटकायला राज्याचा परवाना लागतो.

तपकिरी: जमीन पाणी कुठे ठेवते

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा, ओढ्यावर येताना वळून इंग्रजी व्हीसारखा कोन करतात आणि त्याचं टोक चढाकडे असतं. एवढं सगळ्यांना येतं. पाण्यासाठी बघायच्या जागा तीन.

एक, रुंद वाळूचं पात्र अचानक अरुंद होतं ती जागा. वाळूखालून वाहणारं पाणी खडकाला अडून वर येतं, आणि अरुंद भागात किंवा त्याच्या जरा वर ओल मिळते. सान पेद्रो नदी टूमस्टोनजवळच्या जुन्या चार्ल्सटन गावापाशी खडकातून जाते, आणि बाकीची नदी ठिकठिकाणी कोरडी पडते तेव्हाही त्या भागात पाणी टिकतं. शीटवर दोन्ही बाजूंच्या तपकिरी रेषा नदीला चिकटतात तीच जागा.

दोन, उतार एकाएकी बदलतो ती ओळ. वर दाट रेषा, खाली विरळ, आणि त्या सांध्यावर एक झरा छापलेला असेल तर त्याच उंचीच्या रेषेवर डावीकडे-उजवीकडे सरकत जा. पाणी झिरपू देणारा थर आणि न देणारा थर यांचा जोड एकाच पातळीवर लांबवर गेलेला असेल, तर झरे ओळीने लागतात. सह्याद्रीत कड्याच्या एकाच पट्ट्यात टाकी आणि झरे सापडतात, तसंच.

तीन, उभ्या घळीत रेषा एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात, म्हणजे धबधब्याची पायरी. तिच्या पायथ्याशी रांजणखळगा असण्याची शक्यता. मात्र खूप जुन्या शीटवर हे ताणू नका. १९०० च्या आसपास सर्व्हेअर प्लेनटेबल (तिपाईवरचा नकाशा काढायचा फळा) मांडून थोडे बिंदू मोजायचा आणि मधल्या रेषा डोळ्यांनी बघून हाताने काढायचा. त्यातली प्रत्येक घळ मोजलेली नाही.

चराई किती शक्य होती हेही रेषांच्या अंतरावरून काढता येतं. चराईशास्त्रात वापरला जाणारा ढोबळ ठोकताळा असा: १० टक्क्यांपर्यंतच्या उतारावर गुरं पूर्ण चरतात, ११ ते ३० टक्क्यांवर चराई ३० टक्के कमी धरायची, ३१ ते ६० टक्क्यांवर ६० टक्के कमी, त्यापुढे शून्य. पाण्यापासून मैलभर पूर्ण, एक ते दोन मैलांत निम्मी, दोन मैलांपुढे काही नाही. १:२४,००० चं शीट आणि रेषांतलं उभं अंतर ४० फूट असेल तर १० टक्के उतार म्हणजे दोन रेषांत पाच मिलिमीटर, ३० टक्के म्हणजे पावणेदोन मिलिमीटरला थोडं कमी, ६० टक्के म्हणजे एका मिलिमीटरच्या आत. एक पट्टी घ्या, त्यावर या तीन खुणा करा आणि ती नकाशावर फिरवा. झऱ्याभोवती ६.७ आणि १३.४ सेंटिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळं काढा. आतला दाट रेषांचा भाग खोडा. उरलेली जमीन म्हणजे त्या झऱ्याचं खरं कुरण. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वर्तुळाचा अर्ध्याहून जास्त भाग खोडला गेला, आणि पलीकडच्या खोऱ्यात कुणीतरी एवढा खर्च करून दुसरी विहीर का खोदली ते कळलं.

आता निळं बघा

सलग निळी रेघ म्हणजे बारमाही, तुटक आणि मधे तीन ठिपके असलेली म्हणजे हंगामी. दक्षिण ॲरिझोनात बहुतेक रेघा दुसऱ्या प्रकारच्या. झऱ्याची खूण म्हणजे छोटं वर्तुळ आणि त्याला नागमोडी शेपूट, बेडकाच्या पिल्लासारखं. विहीर म्हणजे नुसतं निळं वर्तुळ. तेच वर्तुळ काळं असेल तर ती पाण्याची विहीर नाही, तेलाची किंवा वायूची असू शकते. निळ्या ठिपक्यांनी भरलेला मोठा आकार, जसा विलकॉक्सचा प्लाया, म्हणजे कोरडं सरोवर: पावसानंतर वीतभर पाणी, एरवी खारट माती. साडेसात मिनिटांच्या शीटवर खुणांची पूर्ण सूची नसते, यूएसजीएसची वेगळी पुस्तिका उतरवून जवळ ठेवा.

प्रत्येक निळ्या खुणेला एकच प्रश्न विचारा: तुझ्याशेजारी काळं काय आहे? झरा आहे, पण त्याच्याकडे एकही वाट जात नाही, नाव नाही, वाडगं नाही, तर तो सर्व्हेअरला ओल्या महिन्यात दिसला असावा. याउलट निळं काहीच नाही, पण नाव 'सिएनेगा', वाटा चार आणि घराचा चौकोन एक, तर तिथे एकेकाळी पाणी होतं हे मी जवळजवळ शपथेवर सांगेन.

'एकेकाळी' हा शब्द इथे महत्त्वाचा. १८८० च्या दशकात या भागात रेल्वे आली आणि गुरांची संख्या बेसुमार वाढली. १८९१ ते १८९३ च्या दुष्काळात त्यांतली निम्म्याहून जास्त मेल्याचे अंदाज आहेत. उघड्या पडलेल्या जमिनीवर मोठे पाऊस झाले, ओढ्यांची पात्रं खोल कापली गेली, भूजल खाली गेलं आणि पाणथळी आटल्या. त्याआधी ३ मे १८८७च्या सोनोराच्या भूकंपानेही सान पेद्रोच्या खोऱ्यातले काही झरे बंद केले आणि काही नवे फोडले. म्हणून या भागातलं १९०० च्या सुमाराचं शीटसुद्धा 'मूळ' स्थिती दाखवत नाही; ते अपघातानंतरचा पंचनामा आहे.

एकावर एक ठेवून बघणं

क्यूजीआयएसमध्ये तिन्ही जिओटिफ उघडा, सर्वांत जुनं तळाशी, वरच्यांची पारदर्शकता निम्मी. मग एकेक खूण पकडून तिचा प्रवास लिहा. माझ्या वहीतला एक खरा प्रवास असा आहे: पहिल्या शीटवर झरा, दुसऱ्यावर त्याच जागी पवनचक्की, तिसऱ्यावर फक्त 'वेल', आणि अर्ध्या मैलावर नवीन 'टँक'. झऱ्याचं पाणी खाली गेलं म्हणून चक्की बसवली, चक्कीला पाणी पुरेना म्हणून पावसाचं अडवलं, असा माझा तर्क. चार शब्दांत एका रँचची सत्तर वर्षं.

१९३४ चा टेलर ग्रेझिंग कायदा ही एक पायरी लक्षात ठेवा. त्याने सरकारी माळावरची मोकाट चराई थांबून परवाने आले. त्याच दशकात बेकार तरुणांच्या सरकारी तुकड्यांनी या भागात मातीचे बांध आणि गुरांची तळी बांधली. म्हणून १९३० च्या आधीच्या आणि १९५० च्या नंतरच्या शीटमध्ये तळ्यांची संख्या एकदम फुगलेली दिसते. निसर्ग उदार झाला नव्हता, मजूर लागले होते.

साखळीवाल्यांची टिपणं

यात माझा सगळ्यांत जास्त वेळ जातो आणि सगळ्यांत जास्त हाती लागतं. टोपोशीटच्याही आधी सरकारी भूमापक सेक्शनच्या हद्दींवरून पायी चालत गेले आणि वाटेत काय काय लागलं ते टिपत गेले. ही टिपणं आणि आराखडे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर आहेत. टाउनशिप आणि रेंजचा क्रमांक टोपोशीटच्या कडेवर असतो, तो टाकून शोधायचं.

मोजमाप साखळीत असतं: ६६ फुटांची एक साखळी, तिच्यात १०० कड्या, ८० साखळ्यांचा मैल. 'अमुक साखळ्यांवर ओढा, ३० कड्या रुंद, वायव्येकडे वाहतो' अशी नोंद असते. ३० कड्या म्हणजे सहा मीटर. ही साखळी आपल्याला परकी नाही. तिची निम्मी, ३३ फुटांची साखळी आपल्या मोजणीत चालली, आणि ३३ बाय ३३ फूट म्हणजेच आपला एक गुंठा. तिकडची एक चौरस साखळी म्हणजे चार गुंठे. मी अजूनही त्यांच्या एकरांना मनात चाळिसाने गुणतो, तेव्हाच जमीन डोळ्यांपुढे येते.

वाचताना ओढ्याची रुंदी टिपा आणि आजच्या उपग्रह चित्रावर तीच जागा मोजा. तेव्हा सहा मीटर आणि आता पन्नास मीटर, असं निघालं तर पात्र कापलं गेलं, आणि त्या काठचे जुने झरे लटकले असं समजा. 'पाणी खारट' किंवा 'विहीर, गुराख्याची झोपडी' अशा नोंदी निळ्या खुणेपेक्षा मला जास्त विश्वासार्ह वाटतात, कारण त्या चालून थकलेल्या माणसाच्या आहेत.

वाळवंटासाठी आणखी एक खजिना: १९१७-१८ मध्ये यूएसजीएसची माणसं कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या वाळवंटांत पाणवठे शोधत फिरली आणि वाटांवर दिशादर्शक पाट्या लावून आली. त्यांचे अहवाल १९२० च्या दशकात संस्थेच्या 'वॉटर-सप्लाय पेपर' मालिकेत निघाले. पापागो प्रदेशाचा, म्हणजे आजच्या तोहोनो ओओधाम लोकांच्या मुलखाचा, कर्क ब्रायनने केला. पाणी कुठे, किती दिवस टिकतं, माणसाला पिण्याजोगं की फक्त जनावरांना, असं सगळं त्यांत आहे, आणि तेही फुकट.

जाण्याआधी

शेवटची तपासणी उपग्रह चित्रावर. जिवंत पाणवठ्याभोवती गवत नसलेलं गोल टक्कल असतं आणि त्यातून गुरांच्या वाटा चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर पडतात. टक्कल पुसट होऊन झुडपं आत आली असतील तर तिथे गुरं येत नाहीत, म्हणजे पाणीही नाही. ही पाहणी मी त्या दिवशी केली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

पाणी स्वतःचं न्या, उन्हाळ्यात माणशी दिवसाला किमान चार लिटर. नकाशातलं पाणी हिशेबात धरू नका, कितीही अभ्यास केला असला तरी. मातीच्या तळ्यातलं पाणी गाळून, उकळूनही मी पीत नाही. ॲरिझोनात पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत अशा ठिकाणी तंबू ठोकायला कायद्याने बंदी आहे, जिथे तुमच्यामुळे गुरं किंवा वन्यप्राणी पाण्याला मुकतील. संध्याकाळी तळ्याकाठी बसायचा मोह होतो, पण माणूस दिसला की गाय लांब उभी राहते आणि रात्रभर तहानलेली राहते.

खासगी जमीन असेल तर आधी विचारा. मी एकदा जुन्या शीटची छापील प्रत घेऊन एका रँचवर गेलो होतो. मालकाने परवानगी दिलीच, वर नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरून पेनाने तीन झरे खोडले आणि एक नवा काढून दिला. फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. उघडं फाटक विसरलेलं नसतं. बऱ्याचदा ते गुरांना पलीकडच्या पाण्यावर जाता यावं म्हणून उघडं ठेवलेलं असतं.